लेनर्डच्या वतीने

अमेरिकेत माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी लेनर्ड व्हिटफील्ड यांचं नाव घेईन. ते माझे नातेवाईक नाहीत, गाववाले नाहीत, साहेबही नाहीत. व्हर्जिनिया राज्यात अ‍ॅशबर्न म्हणून गाव आहे. एकीकडे बिनखिडक्यांची डेटा सेंटर, दुसरीकडे आपल्या लोकांची एकाला एक लागून घरं. तिथल्या एका सेंटरमध्ये यंत्रं थंड ठेवायच्या कामावर लेनर्ड आहेत. मी पुण्याच्या कंपनीकडून त्याच इमारतीत आलो आणि तिसऱ्याच महिन्यात आमचं प्रोजेक्ट बंद झालं. साठ दिवसांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर परत, असा व्हिसाचा नियम. सल्ले पुष्कळांनी दिले. लेनर्डनी माझा बायोडेटा छापला, शेजारच्या इमारतीतल्या मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि तो वाचून संपेपर्यंत त्या माणसासमोर उभे राहिले. नोकरी लागल्यावर आपल्या घराच्या तळमजल्यातली खोली मला दिली. गाडी शिकवली. यंत्राचं माहितीपुस्तक मी पहिल्या पानापासून वाचतो, म्हणून मला 'प्रोफेसर' म्हणू लागले.

मी देगलूरचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील लग्नाच्या बँडपथकात क्लॅरिनेट वाजवतात. गावातल्या प्रत्येक मोठ्या लग्नात आम्ही असायचो, पण पत्रिका एकाही लग्नाची आमच्या घरी आली नाही. आम्हाला यायची ती सुपारी. सगळ्या पंगती उठल्या की मांडवामागे जेवायचं. त्यामुळे आमंत्रण या गोष्टीबद्दल मी जरा जास्तच हळवा आहे. पुढे जे झालं ते या हळवेपणातून झालं.

लेनर्ड कृष्णवर्णीय. त्यांचं घराणं नॉर्थ कॅरोलिनातलं. दर दोन वर्षांनी घराण्याचं संमेलन भरतं आणि देशभर पांगलेली माणसं तीन दिवस मूळ गावी येतात. यंदा आमंत्रणांचं काम लेनर्डकडे होतं, पण नेमकं त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्यांच्या आत्याने, मिस लुसिलने, हाताने लिहिलेली घराण्याची वही त्यांनी मला दिली आणि म्हणाले, "हे सगळं कॉम्प्युटरवर चढव. काही म्हाताऱ्यांना ईमेल नाही. त्यांना पोस्टाने कार्ड टाक. तारीख, वेळ, जागा. बास."

मला ते फार कोरडं वाटलं. मी प्रत्येक कार्डावर खाली सुबक अक्षरात इंग्रजीत लिहिलं, 'तुमच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही. मी तुमची वाट पाहतो आहे. नक्की या.' आणि लेनर्डच्या वतीने सही केली, 'लेनर्ड'. आपल्याकडे पत्रिकेवर असंच असतं. लिहिणाराही ते तेवढंच धरतो, वाचणाराही.

अशी नावं अकरा निघाली. अकरावं होतं एमेट बार्न्स. वहीत ते लेनर्डच्याच ओळीत होतं. दिवाणखान्यात एक फोटो आहे, दोन तरुण एक लांबलचक मासा धरून हसताहेत, त्यातला दुसरा हाच असणार हे मी ओळखलं. लेनर्ड कधीतरी बोलून गेले होते की घर वेगळं केलं तेव्हा एमेट फक्त लोखंडी कढई आणि रेडिओ घेऊन गेला. मी हिशोब लावला : आडनाव वेगळं, म्हणजे मावसभाऊ किंवा आतेभाऊ. एकत्र राहत होते, वाटणी झाली, बोलणं तुटलं. असलं भांडण आमच्या गावात घरटी एक आहे. रुसलेल्या भावाला दोनदा आग्रह करायचा असतो. म्हणून त्याच्या कार्डावर मी एक ओळ वाढवली, 'माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाल.' इंग्रजीत ती अशी झाली की, मी काही चूक केली असेल तर मला माफ कर.

कार्डं पोस्टात टाकली तेव्हा मला फार चांगलं वाटलं होतं.

शुक्रवार : दक्षिणेकडे

ऑपरेशनमुळे लेनर्डना गाडी चालवायची मनाई होती. म्हणून मी. पाच तासांचा रस्ता मी सात तासांत कापला. काळा चष्मा लावून ते शेजारी बसले होते. "प्रोफेसर," ते म्हणाले, "मागचा ट्रकवाला तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. थोडा पाय दाब."

व्हर्जिनिया संपलं आणि हवा आपल्याकडच्या जूनसारखी चिकट झाली. दोन्हीकडे तंबाखू. तंबाखू मी आजवर पुडीतच पाहिली होती. इथे ती छातीएवढी, फिकट हिरवी, हत्तीच्या कानासारख्या पानांची. एका वळणावर छोटं दुकान दिसलं. मला तहान लागली होती, मी गाडी आत घेतली. दुकानाच्या दारात एक मोठा झेंडा होता, लाल, त्यावर निळी फुली आणि तारे.

"इथे नको," लेनर्ड म्हणाले.

"पण पाणी..."

"पुढे चल."

आवाज चढला नव्हता, पण मी दचकून गाडी मागे घेतली. दोन मैलांनी ते म्हणाले, "ज्यांना आम्हाला विकत राहायचं होतं, त्यांचा झेंडा आहे तो. आत कदाचित चांगली माणसंही असतील. मला खात्री करून घ्यायची नाही."

आमच्याकडेही एक आळी होती, तिथून जाताना वडील क्लॅरिनेट पिशवीत घालून खाली बघत चालायचे. मी तसं सांगितलं. "मग तुला समजलं," एवढंच बोलून त्यांनी खिडकी खाली केली.

पुढे रस्त्याच्या कडेला एक बाई मोठ्या पातेल्यातून काहीतरी ओगराळ्याने काढून पिशवीत भरत होती. बघतो तर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! तेच मीठ, तोच गरम चिखलासारखा वास. सात समुद्रांपलीकडे मी गाडीच्या बॉनेटला टेकून शेंगा सोलत होतो आणि डोळ्यांत पाणी आलं. लेनर्ड म्हणाले, "माझ्या गाडीवर टरफलं टाकू नकोस."

मिस लुसिलचं घर गोल्ड्सबरोपासून अर्ध्या तासावर. वय एकोणऐंशी, पाठ ताठ. इथे थोरांना नुसतं नावाने हाक मारत नाहीत. नावाआधी मिस किंवा मिस्टर लावतात, आपण ताई आणि राव मागे लावतो तसं. मी 'मिस लुसिल' म्हणालो तर खूश झाल्या आणि तळलेल्या माशाचे चार तुकडे एकदम ताटात वाढले.

संध्याकाळी ओसरीवर चौऱ्याऐंशी वर्षांच्या मिस हॅटी आल्या, जॉर्जियाहून, स्वतः गाडी चालवत. आल्या आल्या त्यांनी लेनर्डला मिठी मारली आणि पर्समधून माझं कार्ड काढलं.

"तू माझी वाट पाहतोस हे मला कुठे ठाऊक होतं रे! मी येणारच नव्हते. हे वाचलं आणि बॅग भरली."

लेनर्डनी काळ्या चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या आत गेल्यावर म्हणाले, "प्रोफेसर, तू काय लिहिलंस?"

मी सांगितलं. ते इतके हसले की डोळे चोळायला हात गेला आणि मला तो धरावा लागला. "किती जणांना?"

"अकरा."

"कोण कोण?"

मी नावं सांगत गेलो. ते प्रत्येक नावाला हसत होते. अकराव्या नावाला थांबले.

"एमेटला? तो वहीत होता?"

"तुमच्याच ओळीत. त्यांना मी एक वाक्य जास्त लिहिलं." आणि ते वाक्यही मी सांगून टाकलं.

लेनर्डनी तोंड तंबाखूच्या शेताकडे वळवलं. मग म्हणाले, "सात वर्षं मी ते वाक्य लिहू शकलो नाही."

"येतील ते. भाऊच आहेत ना!"

"भाऊ नाही तो," ते म्हणाले आणि आत गेले. मी मनात म्हटलं, मग चुलतभाऊ असेल.

शनिवार : चर्चचं मैदान

एकशेवीस माणसं, सगळी जांभळ्या टी-शर्टात, पाठीवर घराण्याचं नाव. यादी माझी, म्हणून टी-शर्ट वाटायच्या टेबलावर मी. लोखंडी भट्टीवर अख्खं डुक्कर चढलं होतं. त्यावर व्हिनेगर आणि मिरचीचं आंबट पाणी शिंपडत होते. मी पहिल्यांदाच खाल्लं. आवडलं. कोलार्ड म्हणून पालेभाजी होती, अगदी आपल्या चाकवताच्या वळणाची, फक्त तिच्यातही डुक्कर. आपण उपवासाला खातो त्या रताळ्याचं इथे पिठाच्या पारीत भाजलेलं पक्वान्न होतं. टेबलाशी जमलेल्या पोरांना मी म्हटलं, आमच्याकडे देवासाठी उपाशी राहायचं असलं की हे खातात. ती पोरं म्हणाली, "हे खाऊन उपाशी?"

अकराच्या ठोक्याला जुना हिरवा पिकअप ट्रक येऊन थांबला. साठीचे गृहस्थ, फिकट पिवळा इस्त्रीचा शर्ट, हातात हॅट. टेबलाशी येऊन म्हणाले, "एमेट बार्न्स. माझं नाव असेल का यात?"

"आहे ना! टी-शर्टसुद्धा आहे," मी मोठ्या आनंदाने म्हणालो. "तुम्ही लेनर्ड यांचे मावसभाऊ ना?"

ते जरा हसले. "नाही रे बाळा. मी आणि लेनर्ड एकोणीस वर्षं एका घरात होतो. लग्न तेवढं केलं नाही, बाकी नवरा-बायकोचं असतं ते सगळं होतं. तू त्याच्या घरी राहतोस आणि तुला माहीत नाही?"

माझ्या हातात एक्स्ट्रा लार्ज टी-शर्ट होता. तो तसाच राहिला.

त्यांनी खिशातून कार्ड काढलं. "अक्षर त्याचं नाही हे कळलं मला. डोळ्यांचं ऐकलं होतं. तुला सांगून लिहून घेतलं असणार." मग कार्डावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. "याच्यासाठी आलो. त्याच्या वडिलांना शेवटची दोन वर्षं मी आंघोळ घातली, भरवलं. मी शाळेची बस चालवायचो. सकाळची फेरी झाली की म्हाताऱ्याकडे, दुपारची झाली की परत म्हाताऱ्याकडे. ते गेले. मयताच्या दिवशी घरची माणसं चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसतात. लेनर्ड दारात मला म्हणाला, तू मागे मित्रमंडळींत बस. मी मागे बसलो आणि तिथूनच घरी गेलो. माझ्या जुन्या घरी, त्याच्या नाही."

मी काहीतरी पुटपुटलो आणि टेबल सोडून चर्चच्या मागे गेलो.

खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. दोन वर्षं मी त्या घरात राहिलो, त्या माणसाच्या हातचं जेवलो, आणि मला कळलं नव्हतं. कळलं असतं तर खोली घेतली असती का? देगलूरला असल्या माणसांसाठी जो शब्द आहे तो मी शाळेत रोज ऐकलाय आणि वापरलाय. आमच्या पथकापुढे नाचणारा गंगाधर होता. त्याच्या मागे पोरं जे ओरडायची, ते मीही ओरडलो होतो. चर्चच्या भिंतीला टेकून मी फोनवर गोल्ड्सबरोहून सुटणारी बस शोधली. एक होती, दुपारची. माझी बॅग मिस लुसिलच्या घरी होती, घर दोन मैलांवर होतं आणि गाडीची किल्ली माझ्याच खिशात होती.

पण डोक्यात ते मागचं बाक बसलं होतं. मांडवात सगळं आपल्या हातून होतं आणि बसायच्या वेळी आपण मागे, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे त्या माणसाला मी खोटी पत्रिका पाठवली होती.

मी परत आलो. एमेट झाडाखाली बसले होते, ताट तसंच. लेनर्ड पलीकडे भट्टीपाशी, हातात चिमटा, पाठ इकडे. दोघांमध्ये चाळीस पावलं असतील. सगळं मैदान त्या चाळीस पावलांना वळसा घालून चालत होतं.

"मिस्टर एमेट," मी म्हणालो, "ते वाक्य लेनर्डनी सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनाने लिहिलं. तुमचं मला काही माहीत नव्हतं. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

त्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. "'चूक केली असेल तर.' असेल तर. हेही तुझंच?"

"हो सर. सगळेच तसं लिहितात."

"ज्यांनी काही केलं नाही तेही?"

"तेही."

"आणि ज्यांनी केलंय ते?"

मी विचार केला. "तेसुद्धा हेच लिहितात, सर."

ते एकदाच हसले, मोठ्याने. मग हॅट घातली, कार्ड ताटाखाली ठेवलं आणि ट्रककडे निघाले.

ट्रक निघेना. मागे मिस हॅटींची लांबच लांब गाडी आडवी लागली होती. एमेट इंजिन चालू करून वाट बघत बसले. मी धावत जाऊन मिस हॅटींकडून किल्ली मागून घेतली आणि परतताना भट्टीशी थांबलो. "ते चाललेत. मी त्यांना खरं सांगितलं."

लेनर्डनी चिमटा कुणाच्या तरी हातात दिला.

तेवढ्यात हजेरी सुरू झाली. या घराण्याची ही पद्धत आहे. मिस लुसिल माइकवर वही घेऊन बसतात आणि एकेका घराचं नाव पुकारतात. त्या घरचा माणूस उभा राहून 'हजर' म्हणतो आणि आपल्या घरच्या सगळ्यांची नावं सांगतो, गेलेल्यांचीही. कारण कधीकाळी या घराण्यातली माणसं वेगवेगळ्या गावी विकली गेली आणि कोण कुठे गेलं हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. हे मिस लुसिलने माइकवर अगदी साध्या आवाजात सांगितलं, आपण गणपतीच्या आरतीची वेळ सांगतो तसं.

मी किल्ली हातात घेऊन हॅटींच्या गाडीशी उभा. लेनर्ड ट्रकच्या खिडकीशी.

"प्रोफेसरने लिहिलं ते," लेनर्ड म्हणाले.

"सांगितलं त्याने. तुझ्यापेक्षा मोठी छाती आहे त्याची."

"मी लिहिलं असतं तर 'असेल तर' लिहिलं नसतं."

"मग काय लिहिलं असतंस?"

माइकवरून आवाज आला, "लेनर्ड व्हिटफील्ड, आणि घरची मंडळी!"

लेनर्डनी खिडकीची कड धरली. "तुला मागे मी बसवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी घाबरलो होतो. चुकलो, एमेट."

"हे तू मला ट्रकपाशी सांगतोयस. इंजिनच्या आवाजात."

"मग इंजिन बंद कर."

"लेनर्ड व्हिटफील्ड!" मिस लुसिल पुढच्या नावाकडे जाईनात. माणसं माना वळवून बघू लागली.

एमेटनी इंजिन बंद केलं. माइककडे बोट दाखवलं. "तिथे सांग."

लेनर्ड चालत गेले. एमेट खाली उतरले, पण ट्रकला टेकून उभे राहिले. एक पाऊल पुढे आले नाहीत. लेनर्डनी मैदानाच्या मधोमध उभं राहून चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"लेनर्ड व्हिटफील्ड, हजर," ते म्हणाले. "आणि माझ्या घरचे, एमेट बार्न्स. त्याने माझ्या वडिलांचं सगळं केलं, आणि मयताला मी त्याला मागच्या बाकावर बसवलं. तुम्ही काय म्हणाल या भीतीने. ते चुकलं. सगळ्यांसमोर सांगतो आहे."

आता पंगत उठणार, असं वाटलं. एक जण उठलाही. रेमंड म्हणून चुलतभाऊ होते, चर्चचे कारभारी. त्यांनी आपली बर्फाची पेटी उचलली, बायकोला खूण केली आणि न बोलता गाडीकडे गेले. बायको जाताना दोनदा मागे वळली.

बाकी कुणी हललं नाही. मिस लुसिल माइकवरच म्हणाल्या, "लेनर्ड, आमच्या भीतीने म्हणतोस? त्या दिवशी पुढच्या बाकावर माझ्या शेजारी मी पर्स ठेवून एमेटची जागा धरली होती. तासभर धरली. तू त्याला मागे पाठवलंस म्हणून ती रिकामी राहिली. ही वही माझ्या हातची आहे. त्यात तुमची नावं एका ओळीत कुणी लिहिली असं वाटतं तुला?"

त्या मैदानावर सर्वांत मोठा धक्का लेनर्डना बसला होता. सात वर्षं ज्या भिंतीला ते घाबरले, ती तिथे नव्हतीच.

"आता पुढचं नाव घे ग, लुसिल," मिस हॅटी ओरडल्या. "माझा भात गार होतोय."

हशा पिकला. त्या हशात एमेट चालत आले. मिठी वगैरे काही झालं नाही. त्यांनी लेनर्डच्या हातातला चष्मा घेतला, त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "आंधळा होशील, मूर्खा." मग माझ्या टेबलाशी येऊन टी-शर्ट मागितला. तो त्यांना थोडा घट्ट झाला.

रविवार : पुढचं बाक

सकाळी चर्च. बायकांच्या हॅट्स बघून मी थक्क झालो. आपल्याकडे लग्नात पैठण्या निघतात तशा इथे हॅट्स निघतात. गाणं सुरू झालं की माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात, रडतात, कुणी कुणाला गप्प करत नाही. उपदेशात कुणाचं नाव आलं नाही; पण पाद्रींनी दारात लेनर्डशी हात मिळवला आणि एमेटशी मिळवायला जरा वेळ घेतला. मी पाहिलं. एमेटनीही पाहिलं.

तिघे पुढच्या बाकावर बसले, कडेला मिस लुसिल. मी मागे बसायला निघालो तर त्यांनी पर्स उचलली आणि शेजारची जागा दाखवली.

दुपारी निघायची वेळ झाली, गाडी भरली. लेनर्ड ओसरीवर उभे. "प्रोफेसर, तू जा. मी थांबतो."

"किती दिवस?"

त्यांनी एमेटकडे पाहिलं. एमेट म्हणाले, "मी त्याला होकार दिलेला नाही. माझ्या घरी मागची खोली रिकामी आहे. दोन आठवडे राहू दे. सात वर्षांत माणूस बदलतो. तो कसा आहे ते मला बघायचंय, मी कसा आहे ते त्याला कळू दे. मग बोलू."

"आणि भांडी तो घासेल," मिस लुसिल म्हणाल्या.

एकटा तीनशे मैल मी पहिल्यांदाच गाडी चालवली. परत आल्यावर पाचव्या दिवशी लेनर्डना पत्र लिहिलं. ईमेल करता आली असती, पण मी पोस्टाने पाठवलं. मूळ इंग्रजीत आहे. इथे मराठीत देतो.

*प्रिय मिस्टर लेनर्ड,*

*तुमची गाडी तुमच्या जागेवर लावली आहे. मागच्या दाराला एक ओरखडा आहे, तो माझ्याकडून पडला, पेट्रोल पंपावर. टोमॅटोला रोज पाणी घालतो. मॅनेजरने तुम्ही कधी येणार विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं.*

*मी तुमच्या नावाने जे लिहिलं त्याबद्दल माफी मागतो. त्यातून चांगलं झालं म्हणून ती चूक राहत नाही, असं नाही. मिस्टर एमेट त्या दिवशी तसेच निघून गेले असते तर ते माझ्यामुळे झालं असतं.*

*दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत नाही. शनिवारी त्यांनी मला तुमच्याबद्दल सांगितलं तेव्हा मी चर्चच्या मागे जाऊन परतीची बस शोधत होतो. ज्या माणसाने माझ्यासाठी मॅनेजरसमोर उभं राहून माझा बायोडेटा वाचायला लावला, त्याच्यापासून मी पळून जाणार होतो. बस होती. तुम्हाला हे कळल्यावर खोली सोडावी लागली तर सोडीन. पण तुम्हाला माहीत नसताना त्या खोलीत झोपणं मला जमेना.*

*तिसरं. मी घरी फोन करून सगळं सांगितलं. वडिलांनी फोन ठेवून दिला. दोन दिवस उचलला नाही. काल त्यांचाच फोन आला. आधी पाऊसपाण्याचं विचारलं. मग, मी एवढी मोठी गाडी एकट्याने आणली का, ते विचारलं. शेवटी म्हणाले, "ते तुझे लेनर्ड साहेब परत आले का?" मी म्हणालो, नाही, ते तिकडेच आहेत. वडील म्हणाले, "राहू दे मग त्यांना." याच्यापुढे ते काय बोलतील, बोलतील की नाही, मला माहीत नाही. तुम्हाला जसंच्या तसं कळवतो आहे.*

*तुमचा,*
*बालाजी*